घरच्या मीटरवर गाडी चार्ज करताना आधी स्लॅब, मग घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडला फ्लॅट, ४५ किलोवॅट-तास बॅटरीची नवी इलेक्ट्रिक गाडी, कामाच्या दिवशी हिंजवडीला जाणं-येणं आणि बुधवारी घरून काम. महावितरणने नुकताच टीओडी मीटर बसवलाय, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा. परदेशात राहणारा भाऊ म्हणतो, रात्री बारा ते सहा चार्जिंग लाव, बिल निम्म्यावर येईल. सोसायटीची कमिटी म्हणते, सामाईक मीटरवरून लाइन घ्या, आम्ही सब-मीटर लावू. शोरूमवाल्यांनी ७.२ किलोवॅटचा चार्जर आणि त्यासाठी तीन फेज जोडणी घ्यायला सांगितलंय. तर वेळ कोणती लावायची, वीज कुठून घ्यायची आणि वाचणार किती?

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. पूर्वी बंगल्यांची आणि दुकानांची वायरिंगची कामं करायचो, हल्ली निम्म्याहून जास्त कामं पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटची असतात. त्यामुळे हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरी विचारला जातो, आणि जवळपास प्रत्येक घरी रात्रीच्या सवलतीची आशा आधीच बांधून ठेवलेली असते.

भावाचा सल्ला त्याच्या गावी बरोबर असेल. पुण्यातल्या घरगुती जोडणीला रात्रीची सवलत नाही. आपल्याकडे स्वस्त वेळ आहे ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला १ जुलै २०२५ पासून या आठ तासांत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली, आणि पाच वर्षांत ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत जायची आहे. बाकीच्या सोळा तासांत सवलत नाही आणि दंडही नाही, नेहमीचा दर. म्हणजे रात्री आठला प्लग लावा नाहीतर पहाटे तीनला, बिलाला दोन्ही सारखंच. आणि मीटर अजून जुनाच असेल तर दिवसाचीही सवलत नाही. मग वेळेचा विचार पैशासाठी करायचं कारणच उरत नाही.

रात्र स्वस्त ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. अनेक वर्षं उद्योगांना आणि मोठ्या ग्राहकांना रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत मिळायची आणि संध्याकाळी ६ ते १० जादा आकार पडायचा. चाकण-भोसरीचे कारखाने भट्टीची कामं तिसऱ्या पाळीत का ढकलत, तर यासाठी. घरगुती ग्राहक त्या व्यवस्थेत नव्हता, पण कारखान्यात नोकरी करणारे घरी येऊन तेच सांगत आणि ते पक्कं बसलं.

मधल्या काळात चित्र उलटं झालं. शेतीच्या वाहिन्यांसाठी सौर प्रकल्प उभे राहिले, घरांवर, गोदामांवर, कारखान्यांच्या शेडवर पॅनेल चढले, आणि भर दुपारी वीज मुबलक होऊ लागली. सूर्य कलला की ती एकदम आटते, आणि नेमके त्याच वेळी लोक घरी येऊन दिवे, एसी, मिक्सर, टीव्ही सुरू करतात. कोयनेचं पाणी त्या दोन-चार तासांसाठी राखून वापरावं लागतं, कारण जलविद्युत मिनिटांत वाढवता येते, कोळशाचा संच तसा वाढत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि सौर तासांत दर कमी, कमाल मागणीच्या तासांत जास्त, हे तत्त्व त्यात घातलं. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही तारीख ठरली, शेती सोडून इतर सगळ्यांसाठी १ एप्रिल २०२५. आपली ८० पैशांची सवलत ही त्याच साखळीतली आहे.

आता पैशाकडे येतो. इथे मात्र जरा थांबून हिशेब करा, कारण वेळेपेक्षा मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही. ती म्हणजे स्लॅब, वापर वाढेल तसा वाढत जाणारा दराचा टप्पा.

घरगुती दराचे चार स्लॅब आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. दर बदलत राहतात, म्हणून चालू आकडे तुमच्या बिलावरून घ्या. हिशेब दाखवायला मी २०२४-२५ चे घेतो. त्या वर्षी वीज आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता, शिवाय प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

तुमचं घर गाडीशिवाय महिन्याला २२० युनिट खातं असं धरू. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालणार. या आकाराची गाडी शहरात चालवली की मीटरवर साधारण १५० युनिट पडतात. यात चार्जिंगमधली गळती धरलेली आहे. गाडीच्या पडद्यावर दिसणारे युनिट आणि मीटरवर पडणारे युनिट यांत दहा ते पंधरा टक्क्यांचा फरक राहतो. पडद्यावरच्या आकड्याने हिशेब करून नंतर महावितरणला फोन करणारे लोक मी पाहिलेत.

२२० अधिक १५० म्हणजे ३७०. गाडीच्या १५० पैकी पहिले ८० युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये बसले, ११.४६ रुपयांनी ९१७ रुपये. उरलेले ७० तिसऱ्यात गेले, १५.७२ रुपयांनी ११०० रुपये. शुल्क धरून गाडीचे झाले सुमारे २३४० रुपये. यातले सगळे १५० युनिट दिवसा घेतले, एकही रात्री नाही, तर सवलत १५० गुणिले ८० पैसे, १२० रुपये. बिल निम्मं होण्याची गोष्ट इथेच संपते. १२० रुपये वाईट नाहीत, वर्षाचे चौदाशे होतात, पण त्यांच्यासाठी घराचं वेळापत्रक उलटंपालटं करू नका. एखाद्या महिन्यात इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारी बिलातली रक्कम) वाढला तरी तेवढा फरक सहज पडतो.

आता हेच बघा. तुमच्याकडे गीझर विजेचा असेल आणि गच्चीवर सोसायटीचा सौर बंब असूनही पाणी गरम यायला वेळ लागतो म्हणून तुम्ही तो वापरत नसाल, तर बंबाचं पाणी घ्या. महिन्याला ३० युनिट सहज कमी होतील. ते ३० युनिट तुमच्या एकूण वापराच्या वरच्या टोकाचे, म्हणजे तिसऱ्या स्लॅबमधले. १५.७२ गुणिले ३०, वर शुल्क, सुमारे ५४७ रुपये. अख्ख्या महिन्याचं चार्जिंग दिवसा नेऊन १२० आणि अंघोळीचं पाणी बदलून ५४७! गाडी आल्यावर घरात वाचवलेल्या प्रत्येक युनिटची किंमत वाढते. गाडी तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये नेऊन बसवते, त्यामुळे तिथून खाली उतरवणारं प्रत्येक युनिट महागाचं असतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्याच्यामुळे लोक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार्जिंग बंद ठेवून बाहेरच्या फास्ट चार्जरवर जातात. ३०० ओलांडले की सगळ्याच ३०१ युनिटना वरचा दर लागतो, असं नाही. फक्त ३०० च्या पुढच्या युनिटना लागतो, खालचे आपापल्या स्लॅबमध्येच राहतात. बाहेरच्या चार्जरवर अनेक ठिकाणी युनिटला वीस रुपयांच्या आसपास किंवा वर जातात आणि जीएसटी वेगळा. घरचा तिसरा स्लॅबसुद्धा त्याहून स्वस्त पडतो. आणि पेट्रोलशी तुलना करायची तर लिटरला १५ किलोमीटर धरा, हजार किलोमीटरला साडेसहा-सात हजार होतात. त्यामुळे २३४० बघून घाबरू नका, पण २३४० चे अकराशे होतील या आशेवरही राहू नका.

एप्रिल-मे मध्ये मात्र हिशेब पुन्हा करा. एसी सुरू झाला की घराचाच वापर ३०० च्या पुढे जातो आणि गाडीचं सगळं युनिट तिसऱ्या, कधी चौथ्या स्लॅबमध्ये पडतं. नोव्हेंबरात पाहिलेला खर्च मे महिन्यात दिसणार नाही.

तर वेळ कोणती लावायची? तुमची परिस्थिती खरं तर सोपी आहे, कारण बुधवारी गाडी घरी असते. हजार किलोमीटरचा महिना म्हणजे आठवड्याला अडीचशे, मीटरवर ३७-३८ युनिट. गाडीसोबत येणारा १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर तासाला जास्तीत जास्त ३.३ युनिट देतो, व्होल्टेज कमी असेल तर थोडं कमी. बुधवारी साडेनऊ ते साडेतीन लावलात की २० युनिट आले. रविवारी पाच-सहा तास लावलात की उरलेले आले. आठवडा भागला, सगळा सवलतीच्या वेळेत, आणि रात्री उठून प्लग तपासायची गरज नाही. रविवारी बाहेर जायचं असेल तर शनिवार घ्या. मध्येच एखादी सातारा-महाबळेश्वरची चक्कर निघाली तर आदल्या रात्री सरळ भरून घ्या. दहा युनिट रात्री घेतले म्हणून गेलेली सवलत आठ रुपये, म्हणजे अमृततुल्यात एक चहासुद्धा येणार नाही.

गुरुवार शक्यतो टाळा. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस बहुधा गुरुवार असतो, आणि दुपारी दोनला वीज गेली की तुमची ठरवलेली वेळ वाया गेली. महावितरणचा संदेश आदल्या दिवशी येतो, तो वाचायची सवय ठेवा. घरून काम करायचा वार निवडता येत असेल तर बुधवार उत्तम आहे, बदलू नका.

ज्यांची गाडी रोज ऑफिसला जाते आणि ज्यांना घरून कामाचा दिवस नाही, त्यांनी आधी ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जर आहे का ते पाहावं. गाडी दिवसा तिथेच उभी असते, आणि कंपनीने दर वाजवी ठेवला असेल तर तुमच्या घरच्या तिसऱ्या स्लॅबचं ओझंच कमी होतं. तेही नसेल तर आठवड्याचे पाच दिवस रात्री आणि शनिवार-रविवार दिवसा, एवढंच करा. त्यात निम्मी सवलत मिळून जाते.

रात्री चार्ज करायचंच असेल तर अकरानंतर करा. पैशाचं कारण नाही, तांत्रिक आहे. संध्याकाळी सात ते दहा घरात एसी, इंडक्शन, गीझर, इस्त्री सगळं एकदम चालतं आणि जुन्या पेठांमध्ये, जुन्या सोसायट्यांमध्ये ट्रान्सफॉर्मरवर ताण असतो. व्होल्टेज पडलं की चार्जर मध्येच थांबतो. अकरानंतर व्होल्टेज स्थिर असतं, वायर थंड राहते.

टायमर लावण्याबद्दल. वेळ एकाच ठिकाणी लावा, गाडीच्या ॲपमध्ये किंवा चार्जरमध्ये. दोन्हीकडे लावली की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि सकाळी बॅटरी तशीच. गाडीच्या ॲपमध्ये वेळ लावायची सोय असेल तर ती पहिली पसंती, कारण गाडीला बॅटरी किती भरली आहे ते माहीत असतं. काही गाड्यांच्या ॲपमध्ये फक्त भरण्याची मर्यादा असते, वेळ नसते. तिथे टायमर बाहेरून लावावा लागतो.

बाहेरून म्हणजे ऑनलाइन मिळणारा पाच-सहाशे रुपयांचा स्मार्ट प्लग नव्हे. त्याच्यावर १६ अँपिअर छापलेलं असतं, पण गीझरसारखं वीस मिनिटं चालवायला तो ठीक असतो. सहा तास सलग १४ अँपिअर ओढले की आतली रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) भाजते, आणि एखादवेळी चालू स्थितीतच चिकटून बसते. त्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून डीबीमध्ये, म्हणजे स्विचच्या मुख्य पेटीत, कॉन्टॅक्टर (मोठा करंट सांभाळणारा स्विच) आणि बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर बसवून घ्या. बॅकअप नसेल तर प्रत्येक वीजखंडितीनंतर टायमरचं घड्याळ मागे पडतं, आणि नऊचं चार्जिंग अकराला सुरू होतं. आणखी एक गोष्ट आधी तपासा: काही गाड्या प्लग लावून दहा-पंधरा मिनिटांत झोपतात आणि नंतर वीज आली तरी जाग्या होत नाहीत. एकदा दिवसाढवळ्या करून बघा. प्लग लावा, तासाभराने टायमर चालू होऊ द्या, गाडी चार्ज घ्यायला लागते का ते पाहा. वीज जाऊन आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतं का, हेही त्याच दिवशी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडून बघता येतं.

वेळ ९ ते ५ अशी काटेकोर लावू नका. सव्वानऊ ते पावणेपाच लावा. बिलासाठी मीटरचं घड्याळ ग्राह्य, तुमच्या मोबाइलचं नाही, आणि मीटर वापर ठरावीक मिनिटांच्या गटात नोंदवतो. मीटरच्या डिस्प्लेवर बटण दाबत गेलं की तारीख-वेळ दिसते, एकदा जुळवून घ्या. महिन्याअखेरीस बिल आलं की त्यात वेळेच्या टप्प्यानुसार युनिट वेगळे दिलेले असतात. सौर तासांतले युनिट आणि त्यावरची सवलत गुणाकार करून पाहा. घरातला फ्रिज, पंखे यांचे दिवसाचे युनिटही त्यात असतात, त्यामुळे आकडा गाडीच्या १५० पेक्षा मोठा दिसेल, ते बरोबर आहे. पहिलं बिल नीट जुळलं की पुढे दर महिन्याला बघायची गरज राहत नाही.

बॅटरी किती भरायची, हे गाडीच्या पुस्तिकेवर सोडा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर कंपन्या अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात, कारण त्याशिवाय उरलेल्या चार्जचा अंदाज बिघडतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोजच्यासाठी ८० टक्क्यांवर थांबणं बरं. उन्हाळ्यात उघड्या पार्किंगमध्ये गाडी पूर्ण भरून दोन-चार दिवस उभी ठेवणं दोन्हीला मानवत नाही. रविवारी पाचला भरून सोमवारी सकाळी निघणार असाल तर काही बिघडत नाही.

आता जी गोष्ट दरांपेक्षा मला जास्त सतावते. पार्किंगमधला १५ अँपिअरचा सॉकेट. पाणी गरम करणारा गीझर थर्मोस्टॅटने बंद होतो, गाडी तशी बंद होत नाही. ती तासन्‌तास तेवढाच करंट ओढत राहते. पार्किंगमध्ये धुलाईचा पंप चालवायला टाकलेल्या जुन्या लाइनवर गाडी लावली की काही आठवड्यांत सॉकेटचं भोक तपकिरी होतं, मग प्लग सैल होतो, मग जळका वास येतो. म्हणून तुमच्या मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन हवी. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटर रूम तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्येच असते, हे आपलं नशीब. फ्लॅटमधून चार मजले केबल खाली सोडायची गरज नाही, तुमच्या मीटरच्या पुढून, स्वतंत्र एमसीबीमधून, कॉन्ड्युटने किंवा ट्रेने ती गाडीपर्यंत नेता येते. १५ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि औद्योगिक पद्धतीचा सॉकेट. अडीच चौरस मिलिमीटरची वायर कागदावर चालते असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि चारचीच टाकून घ्या. चाळीस मीटर अंतरावर वायर गरम होण्यात फरक पडतो, आणि त्या उष्णतेचे युनिटही तुमच्याच मीटरवर येतात. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही.

अर्थिंगबद्दल एक इशारा. पोर्टेबल चार्जर लाल दिवा लावून अर्थिंग फॉल्ट दाखवतो, तेव्हा काही इलेक्ट्रिशियन सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थची पिन जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, मालक खूश. पण उद्या बाहेरचा न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर करंट येईल, आणि पावसात ओल्या फरशीवर उभं राहून दाराला हात लावणारा माणूस घरचाच असेल. तुमच्याकडे कोणी असं केलंय का ते बघायचं असेल तर सॉकेट उघडून बघा. अर्थिंग खरं आहे का हे पाहायला चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. अगदी शून्य आलं तर आनंद मानू नका, आधी ती जोडणी शोधा.

सोसायटीचा प्रस्ताव. सामाईक मीटरवरून घेऊ नका. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा मीटर घरगुती दरातच असतो आणि बहुतेक सोसायट्यांत त्याचा वापर महिन्याला ५०० युनिटच्या पुष्कळ पुढे असतो. म्हणजे तुमच्या गाडीचं पहिलं युनिटच चौथ्या स्लॅबमध्ये जाऊन पडतं. कमिटी तुमच्याकडून तेवढाच दर वसूल करणार, आणि करायलाच हवा, नाहीतर तुमच्या गाडीचा भार बाकीच्यांवर जातो आणि पुढच्या वार्षिक सभेत तुमचं नाव निघतं. शिवाय सब-मीटर साधा असतो, तो वेळ नोंदवत नाही. दिवसा चार्ज केल्याची सवलत सोसायटीच्या बिलात मिळाली तरी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. स्वतःच्या मीटरवरून लाइन घेण्यासाठी सोसायटीची एनओसी लागते. ती मागताना कामाचा नकाशा, वापरायच्या संरक्षणाची यादी आणि परवानाधारक ठेकेदाराचं नाव जोडा. कमिट्यांची खरी भीती आगीची असते, दराची नाही, आणि कागद नीट असला की बहुतेक वेळा काम होतं.

ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दरवर्गही आहे. आपल्याच आवारात आपलीच गाडी चार्ज करायला तो बंधनकारक नाही, घरच्या मीटरवरचा घरगुती दर चालतो. पण वेगळा मीटर घेतला तर त्या दरात स्लॅब नसतात, त्यामुळे घराचे आणि गाडीचे युनिट एकमेकांत मिसळत नाहीत. त्याबदल्यात दरमहा वेगळा मागणी आकार द्यावा लागतो, गाडी महिनाभर उभी असली तरी. १५० युनिटवाल्या एका गाडीसाठी हा व्यवहार काठावरचा आहे, आणि घराचा वापर कमी असेल तर तोट्याचाही ठरू शकतो. घरात दोन गाड्या असतील, किंवा एसीमुळे घर आधीच चारशे-पाचशेला असेल, तर मात्र वेगळा मीटर पहिल्या वर्षापासून पैसे वाचवतो. सोसायटीत चार-पाच गाड्या झाल्या असतील तर सामाईक मीटरऐवजी सोसायटीच्या नावाने अशी एक जोडणी घ्यायला कमिटीला सांगा. फक्त त्या दरवर्गात टीओडीचं गणित घरगुतीपेक्षा वेगळं असतं. वेळेचा तक्ता आधी पाहा आणि संध्याकाळचे तास टाळा, तिथे टायमरला खरी किंमत आहे.

बंगला असेल आणि छतावर सौर पॅनेल असतील त्यांच्यासाठी दोन ओळी. पुण्यात एक किलोवॅट पॅनेल सरासरी दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे गाडीच्या १५० युनिटांसाठी सव्वा किलोवॅट जास्तीचा बसवला की पुरतो. केंद्राच्या २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यापुढच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, तेव्हा संच गाडी धरूनच मोठा घ्या, नंतर वाढवायला कागदपत्रं पुन्हा करावी लागतात.

राहिला ७.२ किलोवॅटचा चार्जर आणि तीन फेज. तुमच्या वापराला ३.३ पुरतो हे वर दिसलंच, सवलतीच्या आठ तासांत तो २६ युनिट देतो आणि त्यावर शहरात दीड-पावणेदोनशे किलोमीटर जाता येतं. ७.२ ची खरी गरज पडते ती रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला, किंवा घरात दोन गाड्या असून प्लग एकच असेल तिथे. तो घेतलात तर ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटर वायर लागेल आणि मंजूर भार वाढवावा लागेल, कारण सकाळी साडेनऊला चार्जर आणि गीझर एकत्र चालले तर मुख्य एमसीबी पडणार.

तीन फेजबद्दल शोरूमला एकच विचारा: गाडीतला ऑनबोर्ड चार्जर एक फेजचा आहे की तीन? भिंतीवरचा डबा फक्त वीज पोहोचवतो, एसीचं डीसी करण्याचं काम गाडीतला चार्जर करतो आणि वेग तोच ठरवतो. या किमतीच्या बहुतेक गाड्यांत तो ७.२ किलोवॅटचा, एक फेजचा असतो. तीन फेज आणले तरी गाडी एकाच फेजवरून तेवढीच वीज घेणार. दरमहा स्थिर आकार मात्र तीन फेजचा, म्हणजे बराच जास्त भराल. ऑनबोर्ड चार्जर ११ किलोवॅटचा तीन फेज असेल, किंवा घराचा एकूण भार एक फेजवर मावतच नसेल, तरच अर्ज करा.